चौदा मिनिटांची टेकडी

आमच्या समोरचे लतीफचाचा एका रविवारी सकाळी पाठीवर तांदळाचं पोतं बांधून टेकडी चढत होते आणि चढता चढता त्या पोत्याशी बोलत होते. "झालं, झालं. घाबरू नको. ती बघ, टाकी दिसाय लागली." मी गवताचा भारा घेऊन वरून उतरत होते. ते ऐकलं आणि भाऱ्यासकट वाटेतच बसले.

पासष्टी कधीच ओलांडलेला माणूस. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, घामानं कानापर्यंत भिजलेला. मला वाटलं, पोत्यात कुणाचं तरी पोर आहे. भारा तिथेच टाकून त्यांच्या मागोमाग गेले आणि माथ्यावरच्या पाण्याच्या टाकीपाशी त्यांनी पोतं उतरवल्यावर आधी त्याला हात लावून पाहिला. तांदूळच होता, तोही आमच्या गिरणीतला.

"चाचा, हे काय चाललंय?"

त्यांनी मनगटावरचं घड्याळ माझ्यापुढे धरलं. "चौदा मिनिटं," म्हणाले. एवढंच. जणू काही त्यावर मी आता शाबासकी द्यावी.

मी कडावला भाताची गिरणी चालवते. कागदावर ती आमच्या ह्यांची आहे, पण हे गिरणीत येतात ते चहा प्यायला. नाक्यावर गिरणीच्या बरोबर समोर लतीफचाचांचं शिवणकामाचं दुकान. मूळचे मुरूडच्या पुढच्या खाडीकाठच्या गावचे, तीस-बत्तीस वर्षांपूर्वी इकडे आले. चाची वारल्या, मुलगी नवऱ्याबरोबर आखातात. माणूस एकटा, पण दुकान कधी रिकामं नसतं. आमच्या पंचक्रोशीतला एकही नवरदेव चाचांच्या टेपातून सुटलेला नाही.

आणि टेप लावला की प्रश्न सुरू. "धरती हलली तर काय करायचं?"

गिऱ्हाईक बिचारं हात पसरून उभं असतं, पळणार कुठे. म्हणतं, "टेबलाखाली बसायचं."

"बसा. पण हलायचं थांबलं की?"

"घरी जायचं."

"गेला," चाचा टेप गळ्यात टाकून म्हणतात. "वैनी, ऐकलं का, हा गेला. लाटेनं नेला. खांदे साडेसतरा लिहून ठेवतो, घरच्यांना ओळखायला बरं."

हे कुठे, तर कडावला. आमच्या गावापासून समुद्र एवढा लांब, की शाळेची सहल समुद्रावर जायची म्हटलं तर मुलं पहाटेच्या गाडीत झोपून जातात. पण चाचांना त्याचं काही नाही. धरती जोरात नाहीतर बराच वेळ हलली तर भोंग्याची वाट बघायची नाही. गाडी काढायची नाही, गाड्या एकमेकांत अडकतात. चालत निघायचं, उंचावर नाहीतर आत. समुद्र एकदम मागे हटून तळ उघडा पडला तर मासे वेचायला धावायचं नाही, तोच इशारा असतो. हे सगळं ते काजं करता करता सांगत. रसायनीकडच्या कारखान्यात भोंगा झाला तर वाऱ्याकडे बघा आणि धरती हलली तर टेकडीकडे बघा, हे तर आमच्या गावातल्या दुसरीतल्या पोराला पण पाठ आहे.

मी एकदा म्हटलं, "चाचा, आमच्या ओढ्याचं पाणी उन्हाळ्यात असंच मागं जातं. मग अख्खा मे महिना टेकडीवर बसायचं का?"

"हसा," ते म्हणाले. "हसत हसत वर चढा, म्हणजे झालं."

सगळ्यात कडक नियम शेवटचा. तो सांगताना मात्र ते शिवण थांबवत. "सामान घ्यायचं नाय. कुणाची वाट बघायची नाय. आणि एकदा निघालं की कुणासाठी मागं वळायचं नाय. सगळ्यांनी आधी ठरवून ठेवायचं, वर कुठं भेटायचं ते. ज्यानं त्यानं आपापलं निघायचं. जो मागं वळला तो दोघं घेऊन जातो, स्वतःला आणि ज्याच्यासाठी वळला त्याला."

आमच्या ह्यांना हा नियम फार आवडला. बायकोची वाट बघायची नाही असं सांगणारा पहिला माणूस भेटला, म्हणाले.

पण ह्यांना त्याची फळं पुढच्याच महिन्यात भोगावी लागली. पुतणीच्या लग्नासाठी जाकीट शिवायला हे चाचांकडे गेले. छातीभोवती टेप, चाचांच्या तोंडात खडू, आणि त्याच वेळी पलीकडच्या डोंगरातल्या खाणीत सुरुंग उडाला. तो असा उडाला की माझ्या गिरणीतले डबे फळीवरून खाली आले. मी बाहेर धावले तर काय बघते, चाचा टेप न सोडता पळतायत आणि टेपाच्या वेढ्यात आमचे हे. बैल धरून न्यावा तसं त्यांनी ह्यांना टेकडीवर नेलं. ह्यांच्या एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. ह्यांनी मागे वळून "अगं" म्हटलं, तर चाचा ओरडले, "मागं बघू नका भाऊ."

त्या दिवशी मला हसावं का रडावं ते कळेना. पाठोपाठ मीही गेले, कारण ह्यांना दम्याचा त्रास आहे. वर गेल्यावर हे टाकीला टेकून बसलेले, धापा टाकत. मी म्हटलं, "चाचा, खाणीतला सुरुंग होता. चला खाली."

"खात्री झाल्याबिगर उतरायचं नाय."

"अहो, झाली खात्री. मीच सांगते ना."

"पहिली लाट गेली म्हणून उतरतात, तीच माणसं जातात. दुसरी मोठी असते, तिसरी त्याच्यापेक्षा मोठी असू शकते. तासन् तास थांबायचं. सरावाला निदान तीन तास."

तीन तास. जेवणवेळ टळून गेली. हे उठायला लागले की चाचा टेप ओढत. शेवटी मी घरून भाकरी आणि वालाचं बिरडं वर नेलं आणि आम्ही तिघं टाकीच्या सावलीत जेवलो. चाचा जेवताना म्हणाले, "भाऊ चांगलं चढले. छातीचं माप मात्र आता परत घ्यावं लागंल."

तिथेच मी विचारलं. "चाचा, सामान घ्यायचं नाय असा तुमचा नियम. मग तुमी ते पोतं घेऊन का चढता?"

त्यांचा घास हातातच राहिला. "ते सामान नाय, वैनी," म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जणू मी त्यांच्या घरच्या माणसाला शिवी दिली. त्यांचा राग मी तोपर्यंत पाहिला नव्हता.

त्या पोत्याचे लाड काय सांगू. त्याला त्यांनी स्वतः पट्टे शिवले होते, खांद्यावरून घ्यायचे आणि कमरेशी बांधायचे. पट्ट्यांना आतून जुन्या मऊ ओढणीचं अस्तर. मी म्हटलं, तांदळाला टोचतं का? तर म्हणाले, असू दे. गिरणीतल्या गड्यानं एकदा ते पोतं नेहमीसारखं काट्यावर आपटलं, तर चाचा त्याच्या अंगावर धावून गेले. त्यावर कुणी बसायचं नाही, पाय लावायचा नाही. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं, चाचांचं डोकं फिरलंय. हे म्हणाले, ते मला टेपानं कळलंय.

आणखी एक भानगड होती. दर अमावास्येला आणि दर पौर्णिमेला चाचा दुकान बंद करून दोन-दोन दिवस गावी जात. कर्जत, खोपोली, पेण, अशा एस.टी. बदलत. गावी त्यांची थोरली बहीण एकटी राहते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिला ते आपा म्हणतात. सत्तरीच्या पुढची बाई, गुडघे गेलेले, आणि इकडे यायला मुळीच तयार नाही. पण बहिणीला भेटायला कुणी पंचांग बघून जातं का? नाक्यावर बोलणं उठलं, चाचांनी तिकडे निकाह लावलाय. खोटं कशाला बोलू, ते उठवण्यात माझाही हात होता.

गावाहून आले की कधी कधी ते पोतं घेऊन गिरणीत येत. "वैनी, दोन किलो कमी करा." कधी तीन. मूळचं पोतं शेहेचाळीस किलोचं. त्याचं चव्वेचाळीस झालं. मग एक्केचाळीस. मग अडतीस. मला वाटलं, वयाप्रमाणे ओझं उतरवतायत. चिडवलंही मी, "चाचा, म्हातारे झालात." ते हसले नाहीत. कोंड्याच्या धुळीनं त्यांना खोकला यायचा, म्हणून पोतं काट्यावर ठेवून ते दारात जाऊन पाठमोरे उभे राहत. मी आकडा वाचायचा आणि त्यांनी मान हलवायची. माझ्यावर त्यांचा एवढा विश्वास.

आता इथे मला माझी चूक सांगितली पाहिजे.

आमच्या घरात सासूबाईंपासून एक रीत आहे. भरल्या पोत्यातलं काढायचं नाही. कुणी तांदूळ न्यायला आलं की काटा जुळल्यावर वर एक ओंजळ घालायची. नुसतं नेमकं मोजून दिलं तर धान्याची बरकत जाते, असं त्या म्हणायच्या, आणि मी ती रीत कधी मोडली नाही. आणि हे चाचा म्हणायचे, काढा, आणि काढलेला तांदूळ तुमीच ठेवा. परक्याच्या पोत्यातलं काढून आपल्या डब्यात टाकायचं? हात धजेना. मी माप खुळखुळवायचे, दोन मापं काढायचे, चाचा दाराशी खोकत असले की ती दोन्ही परत आत ओतायचे, वर रितीची ओंजळ घालायचे, तोंड शिवायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "एक्केचाळीस झाले बघा."

म्हटलं, म्हातारा माणूस हौसेनं चढतोय, दोन किलोनं काय होतंय.

गेल्या आश्विनातल्या पौर्णिमेनंतर चाचा गिरणीत आले ते पोतं पाठीवर न घेता. गड्याच्या हातगाडीवर घालून. चेहरा पार उतरलेला. दारात न जाता माझ्यासमोरच्या फळकुटावर बसले आणि म्हणाले, "वैनी, हे सगळं तुमी घेऊन टाका. आता मला नको."

"का हो?"

"अठरा मिनिटं लागली. अडतीस किलो घेऊन अठरा. सुरवातीला शेहेचाळीस घेऊन चौदात चढायचो. दर खेपेला वजन उतरतंय आणि येळ वाढतोय. म्हंजे माझ्यातलं उतरतंय ते किती जोरात, बघा. संपलं माझं."

मी म्हटलं, "संपलं तर संपलं. या वयात कोण पोती वाहतंय? मी पुढच्या खेपेला तीसच करून देते."

"तीस कसं करशील?" ते एकदम ओरडले. वैनी, तुमी, सगळं विसरून. "ती चौतीसची हाय."

गिरणी बंद होती, म्हणून ते इतकं लख्ख ऐकू आलं. मी विचारलं, "कोण ती?"

चाचा पोत्याकडे बघत राहिले. मग हळूहळू बोलले. आपाचं घर खाडीच्या काठावर. घरामागे घाटी, घाटीवर शाळा. तिथे चढायला जेवढं, तेवढंच आमच्या टाकीच्या टेकडीला. त्यांनी दोन्ही चढ पावलांनी मोजले होते. आपाला दवाखान्यात नेलं की तिथे तिचं वजन करतात. जे वजन तिचं, ते पोत्याचं. पट्ट्यांच्या अस्तराची ओढणीही तिचीच होती.

"तिला म्हटलं, आपा, एकदा पाठीवर बस, बघू जमतंय का. म्हणाली, मेल्यावर उचलणारच हायस ना, तवा उचल. मग काय करतो? तांदूळ घेतला."

"आणि अमावास्या-पौर्णिमा?"

"तवा उधाण असतं, वैनी. लाट तिथी बघून येत नाय, मला काय कळत नाय का? पण उधाणाला आली तर पाणी आढ्याला लागंल. मधल्या दिवसांत आली तर कदाचित ओट्यावर थांबंल. मी एकटा माणूस. महिन्याचं सगळं दिवस कुठनं आणू? जे सगळ्यात वाईट, त्या दिवशी जातो."

निकाहाची बातमी उठवणारी माझी जीभ टाळूला चिकटली.

"पण चाचा," मी म्हटलं, "कुणासाठी मागं वळायचं नाय, असं तुमीच सांगता ना."

"बरोबर सांगतो. तुमाला सगळ्यांना तेच सांगणार." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मी चार वर्षांचा होतो. वादळात खाडी घरात शिरली. सगळी घाटीवर पळाली, ज्याला त्याला वाटलं, मी दुसऱ्याच्या कडेवर हाय. वर गेल्यावर कळलं, मी खालीच. मोठी माणसं म्हणाली, आता नाय जायचं. बरोबरच म्हणाली. आपा बारा वर्षांची. ती गेली. मला पाठीला बांधून आणलं, आपल्या ओढणीनं. नियम मोडला तिनं, म्हणून मी हाय. आता तिच्यासाठी एकदा मोडायचा, एवढंच माझ्याकडं काम होतं. ते बी व्हायचं नाय."

"मग आता काय करणार?"

"उद्या जातो आणि घेऊन येतो तिला इकडं. जबरदस्तीनं. मागं चाची होती तवा एकदा आठ दिवस आणली होती. खारा वारा नाय म्हणून घास उतरंना. दाराकडं तोंड करून बसायची. इथं ती जगायची नाय, म्हायतीय मला. पण माझ्यात दम नाय, तर तिथं कुणाच्या भरवशावर ठेवू?"

मी तेव्हा जे केलं ते धीरानं केलं असं मी म्हणणार नाही. मला रडूच कोसळलं. हुंदके देत मी गड्याला म्हटलं, ते पोतं काट्यावर ठेव, आणि हळू ठेव. मग चाचांना हाताला धरून उठवलं आणि काट्याच्या आकड्यासमोर उभं केलं. "तुमी वाचा. आज मी वाचत नाय."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "सत्तेचाळीस," म्हणाले. "तुमचा काटा बिघडलाय."

"काटा बरा हाय. मी बिघडलेय." आणि सगळं सांगितलं. परत ओतलेली मापं, वरच्या ओंजळी, सासूबाईंची रीत. "अडतीस कधी झालंच नाय, चाचा. तुमी सत्तेचाळीस घेऊन चढताय. परवाच्या अठरा मिनिटांत पण सत्तेचाळीसच होते."

मला वाटलं, आता ते मला काय वाटेल ते बोलतील, आणि मी ऐकून घ्यायची ठरवलं होतं. दीड वर्ष मी त्या माणसाला फसवलं होतं. तेही रीत पाळतेय असं समजून. पण चाचा तोंड उघडं ठेवून नुसते आकड्याकडे बघत राहिले. मग स्वतःच्या दंडाला हात लावून पाहिला, जणू तो दुसऱ्याचा आहे.

"चौतीस करा," म्हणाले. "माझ्यासमोर."

मी सासूबाईंची मनोमन माफी मागितली आणि भरल्या पोत्यात हात घातला. एकेक माप काढत गेले. परात भरली, दुसरी परात भरली, मग घमेलं आणलं. काढलेलं सगळं समोर दिसत होतं. काट्यावर चौतीस आले तेव्हा पोतं अर्धवट होऊन एका बाजूला कललं होतं. तोंड बांधल्यावर वरचं बारदान नुसतं लोंबायला लागलं आणि पट्टे सैल पडले.

चाचांनी पाठ वळवली, पट्ट्यांत हात घातले आणि नेहमीच्या जोरानं उचललं. पोतं एकदम वर आलं. ते पुढे झोकांडले, मी धरलं. मग ते हसायला लागले. असे मोकळे हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "वैनी, हे तर मी धा मिनिटांत न्हेतो. पळत न्हेतो. आणायची नाय तिला इकडं. राहू दे तिला तिथं, खाऊ दे वारा." गिरणीत दोन पावलं टाकली, वळले, परत दोन पावलं टाकली.

आणि तिसऱ्या वळणाला ते थांबले. हसणं चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण आतून गेलं. त्यांनी खांदे एकदा वर-खाली केले, पाठीवर काय आहे ते अजमावल्यासारखे. मग पोतं पाठीवरून काढून पुढे घेतलं, मांडीवर ठेवून फळकुटावर बसले, आणि त्याच्या लोंबणाऱ्या बारदानावरून हात फिरवत राहिले.

"एवढीशीच राहिली गं ती," ते म्हणाले.

गडी बाहेर निघून गेला होता. मी परातीतला तांदूळ उगाच सारखा करत बसले.

बऱ्याच वेळानं चाचांनी पोत्याचं तोंड सोडलं. "वैनी," म्हणाले, "ती तुमची रितीची ओंजळ असते ना. घाला."

मी दोन्ही हातांनी भरून घातली.

त्यांनी आत वाकून बघितलं आणि तोंड तसंच उघडं धरून ठेवलं. "अजून एक," म्हणाले.